सरासरी कोणाच्या वावरात पडली?

३० सप्टेंबर २०२३ ला पावसाळ्याचे चार महिने संपले आणि भारतीय हवामान विभागाचा नेहमीचा नकाशा आला. देशाचे ३६ हवामान उपविभाग आणि प्रत्येकाला एक रंग. त्या वर्षी सात उपविभाग 'कमी पाऊस' या गटात होते. बिहार, झारखंड, पूर्व उत्तर प्रदेश, केरळ, दक्षिण कर्नाटक अशी नावं होती त्यात, महाराष्ट्रातलं एकही नव्हतं. मराठवाडा हिरवा होता. हिरवा म्हणजे 'सामान्य', सरासरीच्या आसपास.

बरोबर एका महिन्यानं, ३१ ऑक्टोबरला, राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. मराठवाड्यातली जालना, बदनापूर, अंबड, धाराशिव, अंबाजोगाई, रेणापूर अशी बरीच नावं त्या यादीत होती. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून दोनच तालुके होते, एक खुद्द छत्रपती संभाजीनगर आणि दुसरा सोयगाव.

सोयगाव माझं गाव. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत डॅशबोर्ड बनवतो, म्हणजे लोकांचे आकडे घेऊन त्यांना रंग आणि आकार देणं हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे एकाच प्रदेशाबद्दलचे हे दोन सरकारी कागद, एक हिरवा आणि एक दुष्काळाचा, मला बातमीपेक्षा जास्त काहीतरी वाटले. कोणी खोटं बोलत नव्हतं. पाऊस तोच. फरक होता तो आकडे कसे गोळा करून कशावर मांडले यात. आपल्याकडे कवितासंग्रहाचं परीक्षण होतं, सिनेमाचं होतं. पण ज्या चित्रावरून लाखो लोक 'यंदा बरं आहे' किंवा 'यंदा वाईट आहे' असं ठरवतात, त्या चित्राचं परीक्षण फारसं कोणी करत नाही. म्हणून हा लेख.

आधी नकाशाचे रंग बघू. सरासरीच्या १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त एवढा सगळा पट्टा हिरवा. २० ते ५९ टक्के कमी असेल तर लाल. आणि ६० टक्क्यांहून जास्त तूट असेल तर? पिवळा. म्हणजे लाल वाईट आणि पिवळा त्याहून वाईट. सिग्नलवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे उलटं वाटणारच. व्हॉट्सअॅपवर हा नकाशा येतो तेव्हा तळाची रंगांची किल्ली बहुतेकदा कापलेली असते किंवा फोनवर मुंगीएवढी दिसते. मग पिवळा जिल्हा बघून माणूस म्हणतो, चला, लाल तर नाही ना. शिवाय लाल आणि हिरवा वेगळा न दिसणारे पुरुष आपल्यात कमी नाहीत. त्यांच्यासाठी नकाशातला सगळ्यात महत्त्वाचा फरकच पुसला जातो.

पण रंग बदलणं सोपं आहे, एका दुपारचं काम. खरी गोम हिरव्याच्या रुंदीत आहे. १८ टक्के तूट आणि १८ टक्के जादा पाऊस, दोन्हींना एकच हिरवा. आमच्या धंद्यात याला रॅग म्हणतात, लाल-पिवळा-हिरवा स्टेटस. प्रोजेक्ट कुठल्या आकड्याला पिवळा दाखवायचा हे मीटिंगमध्ये ठरतं आणि त्या मीटिंगमध्ये गणितापेक्षा 'वरती काय सांगायचं' याचीच चर्चा जास्त चालते. हवामान विभागाची १९ टक्क्यांची रेघ अशी मीटिंगमध्ये पडलेली नाही, हे आधीच सांगतो. तिच्यामागे तर्क आहे. प्रदेश जितका लहान, तितका त्याचा पाऊस वर्षागणिक जास्त हलतो. उपविभाग पाच-दहा टक्के इकडेतिकडे होणं रोजचंच आहे, पण अख्खा देश एवढा हलला तर ती मोठी घटना. म्हणून देशासाठी 'सामान्य'चा पट्टा फक्त ९६ ते १०४ टक्के आहे. २०२३ मध्ये देशात ९४ टक्के पाऊस झाला आणि त्याला 'सामान्यपेक्षा कमी' म्हटलं गेलं. मराठवाड्याची तूट मात्र १९ टक्क्यांच्या आत राहिली, म्हणून तो 'सामान्य'. शब्द तोच, मोजपट्ट्या दोन. संख्याशास्त्रात हे बरोबर बसतं. पण ज्या दिवशी 'सामान्य' हा शब्द हवामानाच्या परिभाषेतून उचलून पेपरच्या मथळ्यात ठेवला जातो, त्या दिवशी त्याचा अर्थ 'काळजी नको' असा होतो.

आता सरासरीकडे. ती दोन बाजूंनी घेतली जाते, काळावर आणि जागेवर. २०२३ मध्ये दोन्हीकडून घोळ झाला.

काळाची बाजू आधी. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. मग सप्टेंबरमध्ये सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त पाऊस झाला. चार महिन्यांची बेरीज केली की ऑगस्टचा खड्डा अर्धामुर्धा बुजतो. कागदावर बुजतो. कपाशीच्या झाडाला बेरीज करता येत नाही. जूनच्या शेवटी लावलेली कोरडवाहू कपाशी ऑगस्टमध्ये पाते-फुलांवर असते. त्या वेळी तीन आठवडे ताण पडला की पातेगळ होते. सप्टेंबरच्या पावसानं झाड हिरवं होतं, उंच होतं, पण गळलेलं पातं परत झाडाला लागत नाही. मक्याचं तर आणखी वाईट. कणसात दाणा भरायच्या वेळेला पाणी नसलं की पुढचा पाऊस फक्त चाऱ्याच्या कामाचा.

समजा दोन गावं आहेत. पहिल्या गावात जूनपासून दर महिन्याला १३०, १७०, १६० आणि १४० मिलिमीटर पाऊस पडला. दुसऱ्यात १२०, २००, १० आणि २७०. दोन्हींची बेरीज ६००. नकाशावर दोन्ही गावं एकाच रंगाची. पहिल्या गावात दिवाळीला वेचणी जोरात चालू असेल, दुसऱ्या गावात लोक ऊसतोडीच्या मुकादमाचा नंबर शोधत असतील. फ्रान्सिस अॅन्सकोम्ब नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये हेच दाखवायला आकड्यांचे चार संच बनवले होते. प्रत्येक संचाची सरासरी तीच, पसारा तोच, परस्परसंबंध तोच. ग्राफ काढला की मात्र एक सरळ रेघ, एक कमान, एक भरकटलेला ठिपका आणि एक उभा खांब. इंजिनिअरिंगला संख्याशास्त्राचा पेपर मीही दिला. त्यात सूत्रं पाठ होती आणि हे चार ग्राफ कुठेच नव्हते. नोकरी लागल्यावर ते भेटले.

हवामान विभाग आठवड्याचे नकाशेही काढतो, हे नोंदवायला हवं. त्यातून ऑगस्टमधला खंड दिसत होता. पण आठवड्याच्या नकाशाचं आयुष्य एक आठवडा. मोसमाच्या शेवटी जो फिरतो, पुढच्या वर्षी तुलनेला जो काढला जातो, तो चार महिन्यांच्या बेरजेचा.

जागेची बाजू मला जास्त टोचते, कारण ती सोयगावची आहे. आमचा तालुका मराठवाड्यात आहे तो नकाशावर. अजिंठ्याचा डोंगर मध्ये येतो. संभाजीनगरहून सिल्लोड, मग अजिंठा घाट उतरला की फर्दापूर, तिथून आमच्या तालुक्याची डोंगरपायथ्याची लांबच लांब पट्टी सुरू होते. एका टोकाला सावळदबारा, दुसऱ्या टोकाला बनोटी. जिल्ह्याचं गाव शंभरेक किलोमीटरवर आणि जळगाव जिल्हा अंगणात. बोलीही खानदेशाकडे झुकलेली. आणि पाणी तर सरळसरळ दुसऱ्या बाजूचं. घाटाच्या वर पडलेला पाऊस गोदावरीकडे जातो. खाली पडलेला वाघूरसारख्या नद्यांनी उत्तरेला, तापीकडे.

टीव्हीवर मराठवाड्याच्या पाण्याची बातमी एकाच आकड्यात येते, जायकवाडी किती टक्के भरलं. पैठणचा तो नाथसागर भरला की अँकरच्या चेहऱ्यावरच्या रेषा सैल होतात. जायकवाडी शंभर टक्के भरलं तरी त्यातला एक थेंब सोयगावच्या विहिरीत येत नाही, येऊ शकत नाही, मध्ये डोंगर आहे. पण 'मराठवाडा' या शब्दाचा तोच आकडा झाला आहे. बरं, उलट केलं तर? सोयगाव जळगावला जोडलं असतं तर हवामानाच्या नकाशात ते 'मध्य महाराष्ट्र' उपविभागात गेलं असतं. तो उपविभाग नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत पसरला आहे आणि महाबळेश्वरही त्याच्यातच आहे. म्हणजे आमच्या कोरड्या ऑगस्टची सरासरी महाबळेश्वरच्या धुक्यासोबत निघाली असती. आहे ते बरं म्हणायचं.

माझे एक चुलते आहेत, तात्या. त्या ऑक्टोबरमध्ये मी फोनवर त्यांना म्हटलं की नकाशात मराठवाडा सामान्य दाखवतायत. तात्या म्हणाले, "सरासरी पडली म्हने ना? कोनाच्या वावरात पडली ते इचार बरं." मी हसलो, पण डेटाच्या भाषेत हा अगदी नेमका प्रश्न आहे. सरासरी ही कुठल्याच ठिकाणी पडत नाही.

सरासरी काढायची आणि मग तिच्या आधारानं एक रेघ ओढायची, यावर मराठी माणसांमध्येच एक जबरदस्त वाद होऊन गेलेला आहे. माझ्या वयाच्या फार कमी लोकांना तो माहीत असेल. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला सरासरी २२५० कॅलरी लागतात, तेवढं अन्न ज्यांना परवडत नाही ते गरीब, अशी त्यांची रेघ होती. त्यावर पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, पीककापणी प्रयोगांच्या शास्त्रात त्यांनी मूलभूत काम केलं होतं, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. त्यांचं म्हणणं असं : २२५० ही सरासरी गरज आहे. सरासरी म्हटलं की निरोगी माणसांतही बरेच जण तिच्या खाली असणारच. एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते. मग सरासरीलाच रेघ मानून तिच्या खालच्या सगळ्यांना भुकेलं कसं म्हणायचं? त्यांनी रेघ बरीच खाली ओढली आणि देशातल्या अर्धपोटी माणसांचा आकडा एकदम आक्रसला. माणसं तीच, ताटं तीच. वाद पुढे कित्येक वर्षं चालला.

भुकेच्या बाबतीत माझा कल दांडेकरांकडे आहे. रेघ खाली ओढली की सरकारची जबाबदारीही तेवढीच खाली येते. पण सुखात्म्यांचा प्रश्न पावसाला लावून बघा. पसारा किती आहे हे न सांगता नुसती सरासरी सांगणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं. सुखात्म्यांचा दुसरा धडा तर थेट शेतातला आहे. पीककापणीसाठी शेतातला लहानसा तुकडा निवडला तर त्यातून निघणारं उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येतं, कारण कडेवरची झाडं आत धरण्याकडे माणसाचा कल असतो. प्रशांतचंद्र महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते, सुखात्मे मोठ्या. तुकड्याच्या आकारावरून देशातल्या दोन सर्वांत मोठ्या संख्याशास्त्रज्ञांत जुंपावी, यातच कळतं की मोजण्याचा घटक ही किरकोळ बाब नाही.

गंमत म्हणजे हेच दांडेकर पुन्हा भेटतात ते १९८४ मध्ये. राज्यातल्या असमतोलाच्या सत्यशोधन समितीचे ते अध्यक्ष होते. समितीनं रस्ते, सिंचन, शाळा, वीज अशा बाबींची राज्याची सरासरी काढली, जो जिल्हा तिच्या खाली त्याचा तेवढा 'अनुशेष', आणि त्याची किंमत आली ३,१८६ कोटी रुपये. मराठवाडा-विदर्भाच्या राजकारणात नंतर चाळीस वर्षं फिरत राहिलेला 'अनुशेष' हा शब्द म्हणजे मुळात सरासरीपासूनचं अंतर आहे. मोठं काम होतं ते, पहिल्यांदाच तक्रारीला आकडा मिळाला. पण घटक होता जिल्हा. आणि जिल्हा घटक धरला की वाळूजच्या कारखान्यांसोबत सोयगावचीही सरासरी निघते.

आता आपल्याकडे दुष्काळ ठरवायची जी जुनी पद्धत होती तिच्याबद्दल. पैसेवारी. मी तिला डेटा मांडण्याचा एक फार चांगला देशी नमुना मानतो, तिच्या सगळ्या दोषांसकट. गावच्या पिकाचं उत्पन्न मागच्या वर्षांच्या सरासरीशी ताडायचं आणि ते रुपयात किती पैसे हे सांगायचं. आधी रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा ती आणेवारी होती, 'सोळा आणे पीक' हा शब्दप्रयोग त्याच हिशेबातला. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली, अजून म्हातारी माणसं आणेवारीच म्हणतात. ना अक्ष, ना किल्ली, ना लेजंड. ज्याला रुपया कळतो त्याला हा चार्ट कळतो. आणि घटक कोणता? गाव. पन्नास पैशांच्या आत आलं की टंचाईची दारं उघडतात. दोष कुठे होता? नजरअंदाजात. पहिला आकडा डोळ्यांनी बघून ठरायचा, मग सुधारित, मग अंतिम, आणि अंतिम येईपर्यंत वर्ष संपत आलेलं. ४९ आणि ५१ पैशांच्या मध्ये किती चहा प्यायले गेले असतील ते तलाठी कार्यालयाच्या भिंतींना माहीत.

ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयानं दुष्काळ जाहीर करायला नवी पद्धत आली. पावसाची तूट आणि खंड आधी बघायचा. मग पेरणीचं क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारा पिकांचा हिरवेपणा, जमिनीतला ओलावा, भूजल आणि धरणसाठे. त्यातून जो तालुका पुढे येईल तिथल्या दहा टक्के गावांत प्रत्यक्ष शेतात जाऊन पाहणी. २०२३ मध्ये सोयगाव यादीत आलं ते याच चाळणीतून. मला ही पद्धत त्या हिरव्या नकाशापेक्षा कितीतरी चांगली वाटते, कारण ती खंडाला वेगळा आकडा देते, चार महिन्यांच्या बेरजेत तो विरघळू देत नाही. पण शेतकऱ्याला ती वाचता येत नाही. पन्नास पैसे म्हटलं की पारावर वाद घालता यायचा. वनस्पती निर्देशांक शून्य दशांश काहीतरी म्हटलं की वाद घालायला इंजिनिअर लागतो. अचूकपणा वाढला आणि भांडायची सोय गेली. हा तोटा मी छोटा मानत नाही.

चाळीस तालुक्यांनंतर नोव्हेंबरमध्ये उरलेल्या तालुक्यांतली हजाराच्या आसपास महसूल मंडळं दुष्काळसदृश म्हणून जाहीर झाली. निकष : पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी. आता घटक तालुक्यावरून मंडळावर आला, हे चांगलंच. पण रेघ ती रेघच. ७४ टक्केवाल्या मंडळाला सवलती, ७६ वाल्याला काही नाही. सवलती म्हणजे काय तर जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, मुलांचं परीक्षा शुल्क माफ. एखाद्या घरात बारावीच्या फॉर्मची फी भरायची की नाही, हे दोन गावं पलीकडच्या पर्जन्यमापकातल्या काही मिलिमीटरवर ठरतं. पीकविम्याच्या अग्रिमासाठी २१ दिवसांच्या खंडाचा निकष त्या ऑगस्टमध्ये गावोगावी तोंडपाठ झाला होता. हवामानशास्त्रात अडीच मिलिमीटरला पावसाचा दिवस धरतात. अडीच मिलिमीटर म्हणजे काय ते शेतात उभं राहून बघा, वरची धूळ बसते आणि ढेकूळ आतून कोरडं राहतं. पण मोजणी तशीच धरली तर विसाव्या दिवशीचा तेवढा शिडकावा खंड मोडायला पुरेसा आहे.

तर मग काय काढायचं? मला विचाराल तर बेरजेचा नकाशा गावकऱ्यांसाठी बंद करावा. अभ्यासकांसाठी तो राहू दे. मंडळनिहाय रोजचा पाऊस राज्याच्या 'महारेन' या संकेतस्थळावर असतो, तक्त्यांमध्ये, फोनवर आडवं सरकवत वाचावा लागेल असा. त्याच आकड्यांतून एक साधं कॅलेंडर निघतं. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, १२२ चौकोन, फोनच्या उभ्या स्क्रीनवर सहज बसतात. पाऊस पडला त्या दिवसाचा चौकोन निळा, जास्त पडला तर गडद. अडीच मिलिमीटरच्या आतला दिवस कोरा. डाव्या कडेला पेरणी, पाते, बोंड, वेचणी एवढेच चार शब्द, म्हणजे कुठला कोरा पट्टा पिकाच्या कुठल्या वयात आला ते कळेल. टक्केवारी नाही, सामान्य-असामान्य नाही. वर मंडळाचं नाव मोठ्या अक्षरात, चित्रातच, म्हणजे स्क्रीनशॉट कापला तरी ते जाणार नाही.

असं कॅलेंडर सध्या मी सोयगाव, बनोटी आणि सावळदबारा मंडळांसाठी बनवतोय, रात्री ऑफिसचं काम संपल्यावर. पहिला कच्चा नमुना तात्यांना पाठवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि विचारलं, निळं दिसतं ते दिवसा पडलं का रात्री? त्यांच्या मते रात्रीचा पाऊस मुरतो, दुपारचा उडून जातो. स्वयंचलित हवामान केंद्रात वेळेची नोंद असते. पण मी उतरवून घेतलेल्या तक्त्यात चोवीस तासांचा एकच आकडा होता.